तहकूब सभेच्या आदल्या दिवशी

माझ्या चुलतभावाची पानवेलीची वाडी खाऱ्या पाण्याने मेली, आणि ते पाणी आत येण्याआधी त्याने मला विचारलं होतं. गावात सगळे म्हणतात, उधाण मोठं होतं, उघाडी तुटली. ते खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं सांगण्याचं काम माझं आहे.

केळव्याकडे जाणारा रस्ता समुद्राच्या बाजूला वळतो तिथे आमचं गाव. वाड्या संपतात तिथे खाजण, म्हणजे खाडीकाठची खारट दलदल लागते, आणि खाजणाच्या कडेने मातीचा बांध. आमच्या बाजूला त्या बांधात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे बांधात पाण्यासाठी ठेवलेली वाट आणि तिच्यावर वरून टांगलेली जाड लाकडी झडप. ओहोटीला आतलं गोडं पाणी झडप ढकलून खाडीत उतरतं, भरती आली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. बांध सरकारी खात्याचा, पण ही उघाडी ग्रामपंचायतीने स्वतःच्या पैशातून बांधलेली, म्हणून तिची दुरुस्तीही ग्रामपंचायतीकडे.

मी बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. तिथे आयुष्यभर एकच गोष्ट गिरवली: आधी मंजुरी, मग माल. कुणी गरजेच्या नावाखाली माल आधी आणला आणि कागद नंतर केला, तर त्याचा कागद मी परत पाठवायचो. लोक मला कटकट्या म्हणायचे आणि मला ते बिरूद वाटायचं. गावातल्या चार जणांनी आग्रह केला म्हणून मी पंचायतीला उभा राहिलो आणि निवडून आलो, तेव्हा हीच एक गोष्ट बरोबर घेऊन गेलो.

पंचायतीत रीत उलटी होती. वर्षाच्या पहिल्या सभेत एक ठराव व्हायचा की किरकोळ व तातडीची कामे ग्रामसेवकाने करून घ्यावीत आणि खर्च पुढच्या सभेत ठेवावा. मग वर्षभरात जे काही व्हायचं ते एकतर किरकोळ असायचं, नाहीतर तातडीचं. आम्ही चहा पीत सह्या करायचो. मागच्या ग्रामसेवकाच्या वेळी एकाच गटाराच्या दुरुस्तीचं बिल दोनदा निघालं. तो बदली होऊन गेला, पैसे काही परत आले नाहीत. त्याच्या जागी आल्या त्या मॅडम जळगावकडच्या. बोईसरला भाड्याने राहायच्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत पंचायतीचं कुलूप काढायच्या. त्यांच्याविरुद्ध कुणी शब्द काढावा असं काही घडलं नव्हतं. तरी मी ठराव मांडला तो त्यांच्या कारकिर्दीत, त्यांच्यासमोर.

ठराव साधा होता. दहा हजारांवरचा कुठलाही खर्च सभेच्या पूर्वमंजुरीशिवाय करायचा नाही. मी म्हणालो, लोकांनी हा पैसा खर्च करायचा अधिकार सदस्यांना दिलाय, तो आपण उचलून कर्मचाऱ्याच्या हवाली करू शकत नाही. थोडासा देता येतो, तोही कुंपण घालून. ते मला आजही पटतं, आणि अडचण तिथेच आहे.

उपसरपंच पान चघळत म्हणाले, "म्हणजे दिव्याचा बल्ब उडाला तरी आता सभा लावायची का, कंपनीवाले?"

"दहा हजारांचा बल्ब असेल तर लावायची," मी म्हणालो. सगळे हसले, आणि माझ्या बाजूने हसले. मला ते फार आवडलं.

मॅडम हसल्या नाहीत. ठराव लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "भाऊ, एक ओळ घालू या का? कुणाच्या जिवाला, मालमत्तेला धोका असेल तर सरपंचताई आणि मी, दोघींच्या सहीने काम सुरू करता येईल. आठवड्याच्या आत सभेपुढे ठेवू."

"धोका आहे हे ठरवणार कोण? तुम्हीच ना?"

मी ते मुद्दाम लागेल असं बोललो नव्हतो. पण त्यांना ते लागलं हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि मी शब्द मागे घेतले नाहीत. त्यांनी ठराव माझ्या शब्दांत लिहिला. एकमताने मंजूर झाला.

आता दादाबद्दल सांगतो. माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, आणि पुढे मला मोठं केलं ते या दादाने. पालघरच्या कॉलेजची फी, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी शर्ट, लग्नात मांडव, सगळं त्या वाडीतून आलं. वाडी म्हणजे केळी, सुपारी, आणि त्यांच्या सावलीत पानवेल. पानवेल हे लाडावलेलं पीक. ऊन जास्त झालं तर रुसते, पाणी साचलं तर कुजते. वेल वर चढून म्हातारी झाली की तिला खाली उतरवून, वेटोळं करून मातीत गाडायचं, म्हणजे ती पुन्हा नव्याने फुटते. दादा ते काम कुणा गड्याला करू द्यायचा नाही. वेल उतरवताना तो बोलायचाही बंद व्हायचा.

उघाडीची झडप पितृपक्षात सुटली. एका बाजूची बिजागरी गंजून तुटली आणि झडप तिरकी लोंबकळायला लागली. छोट्या भरतीला ती कशीबशी बसायची, पण सर्वपित्री अमावास्येचं उधाण तोंडावर होतं आणि पाऊस आवरत आला होता. आत शिरलेलं खारं पाणी धुऊन काढायला पुढे पाऊस नसतो, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

मॅडमनी सुताराला नेऊन दाखवलं. नवं लाकूड, लोखंडी पट्ट्या, मजुरी धरून खर्च सोळा हजारांच्या घरात गेला. त्यांनी लगेच विशेष सभेची नोटीस काढली. सभेच्या दिवशी दोन सदस्य आपापल्या घरच्या महाळाच्या श्राद्धात अडकलेले, एक पाहुण्यांकडे उमरोळीला गेलेला. गणपूर्तीला एक माणूस कमी पडला. आम्ही वाट पाहिली, फोन केले. शेवटी सरपंचताईंनी सभा तहकूब केली आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाची तारीख दिली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणजे त्या दिवशी मंजुरी मिळणार हे नक्की होतं.

बाहेर पडवीत मॅडम मला म्हणाल्या की सुतार लाकूड कापून तयार आहे, आज झडप बसली तर परवाचं उधाण निभावेल. "मंजुरी मिळणारच आहे, भाऊ. तीन दिवस मागेपुढे, एवढंच."

सरपंचताई पायात चप्पल घालत थांबल्या. डोंगराकडच्या पाड्यावरच्या, कमी बोलणाऱ्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी हो बोला. आमी सही करतो."

मी म्हणालो, "ताई, मग ठराव कशाला केला आपण?"

ताई पायऱ्या उतरल्या. माझा होकार कायद्याने लागत नव्हता. पण ठराव माझा होता आणि भर सभेत मी मॅडमना जे विचारलं होतं ते कुणी विसरलं नव्हतं. त्यामुळे मी नाही म्हटल्यावर त्या दोघींना पुढे जाणं शक्यच नव्हतं.

दादा मला बांधावर भेटला. सभेचं काय झालं ते त्याच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. त्याने गोण्यांत माती भरून ठेवली होती. म्हणाला, "मी घालतो पैशे. पयली वाडी माजीच हाय. पंचायत देल तवा देल, नाय दिलं तरी चालल."

त्याला मी काय सांगितलं ते जसंच्या तसं आठवतं. उघाडी पंचायतीची मालमत्ता आहे, खाजगी माणसाने तिला हात लावायचा नसतो. आज तू लावलास, उद्या दुसरा कुणी आपल्या सोयीने बांध फोडेल आणि तुझं नाव सांगेल. थोडं थांब, मंजुरी येतेच आहे. हे सगळं बरोबर होतं. खरं कारण मात्र मी त्याला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती की लोक म्हणतील, याने सगळ्या गावाला नियम लावला आणि भावाची वाडी आली तेव्हा ढिला सोडला. उपसरपंच ते बोलून दाखवणारच, पान चघळत. त्या एका वाक्याला मी घाबरलो.

दादाने खाडीकडे पाहिलं, मग झडपेकडे. "तू म्हनतोस तर थांबतो," तो म्हणाला. आणि मग हसून, "गोणी लावाया तरी सभा नको ना?"

मीही हसलो. पँट वर दुमडली आणि त्याच्याबरोबर गोण्या लावल्या. चिखलाने कपडे भरले. घरी जाताना मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. नियमही पाळला आणि भावाच्या मदतीलाही गेलो, असं.

सर्वपित्रीला आमच्या सगळ्या घरांचं जेवण दादाकडे असतं. मी कारखान्यातून सुट्टी घेतली होती. भरती दुपारची होती. पानं वाढून झाली होती, वाडीच्या कडेला कावळ्यासाठी घास ठेवून वहिनी परत येत होती आणि येता येता थबकली. तिने हाक मारली नाही. नुसती उभी राहिली, म्हणून आम्ही उठून गेलो.

मला वाटायचं पाणी घुसताना आवाज होत असेल. काही आवाज नव्हता. पाटातून, केळीच्या आळ्यांतून ते शांतपणे पसरत येत होतं, वर गवताच्या काड्या तरंगत होत्या. आम्ही बांधाकडे धावलो. झडप नव्हती. गोण्या फाटून माती विरघळली होती आणि खाडी सरळ आत येत होती. ती ओसरेपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. दादा गुडघाभर पाण्यात वेलींमध्ये उभा होता. विहिरीच्या काठावरून पाणी आत उतरताना त्याने पाहिलं, आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी तहकूब सभा झाली. चहा यायच्या आत विषय मंजूर झाला. त्याच संध्याकाळी सुताराने झडप बसवली. चांगली बसवली, अजून पक्की आहे.

वेल लगेच मरत नाही. आधी पानाची कड पिवळी पडते, मग करपते. दादाने विहीर उपसून काढली, पुन्हा झरा आला तो खारटच. टँकर मागवून गोडं पाणी घातलं. काही वेली उतरवून पुन्हा गाडल्या, की निदान त्या तरी फुटतील. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. तो मला कामं सांगायचा, ही काठी धर, ती दोरी सोड. मी वाट बघत होतो की कधीतरी तो म्हणेल, तू थांबवलंस म्हणून. त्याने म्हटलं नाही. एकदा मीच सुरुवात केली, म्हणालो, दादा, त्या दिवशी बांधावर मी तुला... तो म्हणाला, "पानी आन जरा," आणि मी पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा तो दुसऱ्या ओळीत होता.

पुढे काही महिन्यांनी मी सभेत स्वतःहून तो ठराव दुरुस्त करायला मांडला. मॅडमची जुनी ओळ, त्यांच्याच शब्दांत. कुणी विरोध केला नाही. उपसरपंचसुद्धा खाली बघत होते. मला ज्या वाक्याची भीती होती ते त्यांनी कधीच उच्चारलं नाही, कदाचित त्यांच्या मनातही आलं नसेल.

मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या आणि विचारलं, "भाऊ, धोका आहे हे ठरवणार कोण, ते कसं लिहू?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच लिहायचं होतं. मी म्हणालो, तुम्ही आणि सरपंचताई. त्यांनी तसं लिहिलं आणि वही सहीसाठी माझ्याकडे सरकवली.

मी अजूनही स्वतःशी वाद घालतो. कुंपण हवंच होतं, दोनदा निघालेलं बिल मी विसरलेलो नाही. पण कुंपण घालताना फाटक ठेवायचं मला सुचवलं गेलं होतं, आणि मी ते ठेवलं नाही, कारण फाटकाची किल्ली दुसऱ्या कुणाकडे असेल हे मला सहन होत नव्हतं.

दादाने गेल्या वर्षी वाडीच्या रस्त्याकडच्या भागात मुरूम टाकून घेतला. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येणाऱ्यांच्या गाड्या तिथे लागतात. मागच्या सुपाऱ्या तग धरून आहेत. पानवेलीच्या जागेवर तो काही लावत नाही. गाडीवाल्यांना तो हाताने मागे, अजून मागे, असं करताना दिसतो, तेव्हा मी स्कूटर थांबवत नाही.

या मार्गशीर्षात माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. दादा सगळ्यांच्या आधी आला, नवा सदरा घालून. सुपाऱ्या त्याच्या घरच्या होत्या. पानांचा पुडा त्याने वेगळा माझ्या हातात दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून पालघरच्या मंडईतल्या दोऱ्याने बांधलेला.

"बाजारची हायत," तो म्हणाला. "नीट धुवून घे."

मी नळाखाली एकेक पान धुतलं. दोन्ही बाजूंनी. आत गुरुजी दोनदा हाका मारून गेले, तरी माझं होत नव्हतं.