ललिताची तीन हजारांची नोकरी

इंदिरानगरातल्या आमच्या मागच्या खोलीत आजवर बरेच भाडेकरू राहून गेले. एक विमा एजंट होता, त्याच्याकडून भाड्यापेक्षा गोड बोलणंच जास्त मिळायचं. एक मास्तर होते, ते सकाळी पाच वाजता शिंकायचे आणि सगळी गल्ली उठवायचे. पण कुणी भाडेकरूंचा विषय काढला की मला आठवते ती ललिता. नव्व्याण्णव साली, दसऱ्याच्या आसपास, पत्र्याची पेटी घेऊन ती दारात उभी राहिली. भाडं विचारायच्या आधी तिनं विचारलं, पाणी किती वाजता येतं. बाईला अक्कल आहे, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

ललिता सुरगाण्याकडच्या डोंगरातली, कोकणा आदिवासी घरातली. बाप सोमा नागली-भात पिकवायचा आणि उरलेले महिने मजुरीला बाहेर. पोरगी मात्र आश्रमशाळेत शिकली आणि पुढं नर्सचा दीड वर्षाचा कोर्स करून बसली. सरकारी भरती आज निघेल, उद्या निघेल म्हणून वाट बघण्यात दोन वर्षं गेली. नवरा किशोर घोटीला भाताच्या गिरणीत हमाली करायचा. तिथल्या एका दवाखान्यात तिला सहाशे रुपये मिळत. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नाशकात चांगला पगार मिळाला तर किशोरला इकडं आणायचं, एका छताखाली राहायचं, आणि मग मूल, असा तिचा साधा बेत होता. पहिली मुलगीच पाहिजे, हेही तिनं मला पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं.

नोकरीसाठी तिनं अर्धं नाशिक पायी पालथं घातलं. एका ठिकाणी नऊशे देत होते, वर फरशी पुसायची. दुसरीकडं बाराशे, पण दिवसाची पाळी संपली की रात्रीचीही तिच्याच गळ्यात. तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने बिनपगारी कर, शिकायला मिळेल. शिकलेलीच होती की ती! चौथ्यांनी तर सलाईन लावता येतं का, याच्या पाठोपाठ पोळ्या येतात का असं विचारलं, कारण वरच्या मजल्यावर त्यांच्या आईसाठी बाई हवी होती. हे सगळं ती हसत सांगायची. मला मात्र राग यायचा. ज्यांच्या जिवावर दवाखाना चालतो त्यांना द्यायची वेळ आली की या लोकांचा हात आखडतो.

आणि मग एक दिवस ती पेढे घेऊन आली. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं एक नवं प्रसूतिगृह निघालं होतं, तिथल्या मॅडमनी तिला ठेवून घेतलं होतं. पगार तीन हजार.

मी पेढा हातात घेतला, पण तोंडात घालवेना. सगळीकडं हजार-बाराशे असताना ही बाई तीन हजार कशाचे देते? मी विचारलं, मुलाखतीत काय काय विचारलं. ललिता म्हणाली, कामाचं फारसं नाही. गाव किती लांब आहे, नाशकात नातेवाईक कोण आहेत, इथं कुणाशी ओळख आहे का, बोलायची फार सवय आहे का. नातेवाईक नाहीत म्हटल्यावर मॅडमना बरं वाटलं म्हणे. ललिताला वाटलं, आपल्या एकटेपणाची त्यांना दया आली.

पहिले काही महिने ती खुशीत होती. काम हलकं. मॅडम कधी आवाज चढवत नसत, संक्रांतीला साडी दिली. संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर बसायची. आमची फुलशेती प्लॉटात गेली तरी थोडी शेवंती मी परसात राखली आहे. तिचे गजरे करताना ललिता मला दवाखान्यातल्या गोष्टी सांगायची, आणि त्या गोष्टी ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकायची. प्रसूतिगृह म्हणायचं, पण बाळंतिणी तुरळकच. पाळणे नवे कोरे, त्यांच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. खरी गर्दी गुरुवारी. विंचूरकडून, आणखी कुठून कुठून जीपा यायच्या आणि दवाखान्यासमोर न थांबता पलीकडच्या गल्लीत उभ्या राहायच्या. चार-पाच महिन्यांच्या पोटुश्या बाया उतरायच्या, सोबत सासू नाहीतर नणंद. बुधवारी ललिता त्यांना निरोप द्यायची, उद्या उपाशी पोटी या. गुरुवारी सगळं उरकायचं आणि संध्याकाळपर्यंत जीपा परत.

मॅडमनी तिला सांगितलं होतं की या बायांची बाळं पोटातच खराब झालेली असतात, काढली नाहीत तर आईच्या जिवावर बेततं. ललिताचं काम उशाशी. बाईचे हात धरायचे, कपाळ पुसायचं, बोलत राहायचं. पायथ्याशी मॅडम आणि आया भागीबाई. तिकडं बघू नको, तुला अजून मूल व्हायचंय, असं मॅडम प्रेमानं बजावायच्या आणि झाकलेली बादली स्वतः उचलून न्यायच्या. ललिता बिचारी त्या बायांसाठी हळहळायची. द्राक्षावरच्या फवारणीचं औषध पोटात जातं, विहिरींचं पाणी बिघडलंय, म्हणून तिकडच्या बायांचं असं होतं, असं तिचं मत होतं. तिनं माहेराहून कसलीशी मुळी आणून मॅडमना दिली, गर्भ टिकायला चांगली म्हणून. मॅडमनी ती घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

मला राहवलं नाही. एके दिवशी गजरा बाजूला ठेवून मी तिला सरळ सांगितलं, की बाई गं, ती बाळं खराब नसतात. त्या मुली असतात. मशीनवर बघतात आणि काढून टाकतात.

ललिता हसायला लागली. तिला वाटलं, मी तिची थट्टा करतेय. "काकू, मुलगी नको कशी होईल कुणाला? आमच्यात पोराचा बाप पोरीच्या बापाच्या दारी येतो, धान्य, कापड, रोकड घेऊन. देज म्हणतात त्याला. चार पोरींचा बाप आमच्या पाड्यात ताठ चालतो. पोरी टाकायला ही माणसं काय येडी हायत?"

तिला आमच्या घरातलं काय सांगणार होते मी? माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी सासूबाई नवसाबाईंनी पाचवीसुद्धा पुजली नव्हती. माझ्या शुभांगीच्या बारशाला पाळणा म्हणायला शेजारणी आल्या तर त्यांनी हळू म्हणा म्हणून सांगितलं. मी सांगितलं हे सगळं. ती ऐकून म्हणाली, तुमच्या सासूबाई स्वभावानं तापट असतील. शिवाय दवाखान्यात भिंतीवर मोठी पाटी होती, येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. ती पाटी ललिताच रोज ओल्या फडक्यानं पुसायची. लिहिलेलं खोटं कसं असेल, हा तिचा सवाल.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. किशोर रविवारी आला की तिच्यासाठी करवंदांपासून चिंचेपर्यंत काय काय घेऊन यायचा. नाशकात त्याच्यासाठी काम बघायचंही चाललं होतं. मी मात्र रोज देवाला म्हणायचे, हिला त्या दवाखान्यातून सुखरूप बाहेर काढ. चौथा महिना संपला तसं मॅडम स्वतःहून म्हणाल्या, ये, तुझंही बघते मशीनवर. तो मंगळवार होता, मशीनवर बघायचा वार. बाहेर बाकावर बाया बसलेल्या. मॅडमनी बराच वेळ पाहिलं, मशीन बंद केलं आणि हळूच सांगितलं, मुलगी आहे.

यावर ललितानं जे केलं ते डोंगरातून आलेल्या पोरीशिवाय कुणी केलं नसतं. ती पदर सावरत समोरच्या हलवायाकडं धावली आणि पावशेर जिलबी घेऊन आली. बाकावरच्या एकेकीपुढं पुडा धरत म्हणाली, घ्या, मॅडमनी आत्ताच बघून सांगितलं, मला मुलगी हाय.

कुणी हललं नाही. एका सासूनं घेतलेला तुकडा परत पुड्यात टाकला आणि बोटं पदराला पुसली. एक सून, वीसेक वर्षांची, जिलबी मुठीत धरून खाली बघत बसली. तिच्या मनगटावरून पाक ओघळत होता. भागीबाई मधे आली, ललिताच्या हातातून पुडा काढून घेतला आणि आत जायला सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. ललितानं मला नंतर हे दोन-तीनदा सांगितलं, की त्या रागावल्याच नाहीत. त्यांनी दार लावलं, तिला बसवलं, पाणी दिलं.

"परवा गुरुवारी उपाशी पोटी ये. पैसे घेणार नाही तुझ्याकडून. वर आठ दिवसांची पगारी रजा देते."

आपल्या बाळात काही दोष निघाला, एवढंच तिला कळलं. तिनं विचारलं, "मॅडम, खराब झालंय का?"

"खराब कशाला होईल? छान वाढलीय. मुलगी आहे म्हणून सांगितलं ना तुला."

तिथं तिला कळलं. आपलंच नाही, सगळ्या गुरुवारांचं एकदम कळलं. ती उठून दाराकडं निघाली. मॅडम दारापर्यंत आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाहेर काही बोलायचं असेल तर विचार करून बोल. त्या बायांना धरून कोण असायचं, ते सगळ्यांना माहीत आहे."

ती घरी आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तिनं सगळं सांगितलं, अगदी सावकाश, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मी चपला घातल्या. चौकीत नाहीतर महापालिकेत, कुठंतरी जाऊन त्या बाईच्या नावानं बोंब ठोकायची, असं मी ठरवलं होतं. ललितानं माझा पदर धरला. म्हणाली, काकू, मला पण नेतील, हिच्यासकट. तिचा हात पोटावर होता. मी चपला काढल्या. तेव्हाची माझी तडफड अजून शमलेली नाही, आणि ती बाई अजून समोर दिसली की माझ्या तोंडाला शिव्या येतात.

बुधवारी ती कामावर गेली नाही. कोपऱ्यावरून फोन करून तिनं पूर्वीच्या घोटीच्या दवाखान्यात विचारलं. ते म्हणाले, जागा आहे, पण पाचशे देऊ, आता तू दोन जिवांची. ती बरं म्हणाली. पुढं तिची मुलगी घोटीलाच झाली आणि आजीचं नाव तिला ठेवलं, फुलाबाई. तिचा बाप सोमा डोंगरातून वाजंत्री घेऊन आला होता म्हणे. ते सगळं पुढचं. पण ललिता म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं येतो तो गुरुवार.

त्या सकाळी तिनं पेटी भरून दाराशी ठेवली. मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, काकू, भाकरी करता का, मला आत्ताच पोटभर जेवायचंय. तिचा हेतू माझ्या ध्यानात आला. मी बाजरीच्या दोन भाकरी थापल्या, पिठलं केलं. ती मांडी घालून बसली आणि ताटात पहिला घास मोडला, तोच फाटकाशी भागीबाई आली.

भागीबाई आत येईना. तिथूनच म्हणाली, "सिस्टर, मॅडमनी बोलवलंय. तुमचं नसलं करायचं तर राहू द्या, पण धरायला तरी या. जीपा आल्यात."

"मी जेवतेय. सांग त्यांना, पोटभर जेवली म्हणून."

भागीबाई जाईना. फाटकाची कडी हातात घेऊन उभी राहिली. "ती तरणी पोर हाय ना, मंगळवारी जिलबी घेतली होती ती. तिची मागच्या साली पण काढली होती. तिला आत घेतलं तर रडतीय, सिस्टर कुठंय म्हणतीय. मागच्या वेळी तुम्ही होता ना तिच्यापाशी. तुम्ही असल्याशिवाय झोपत नाय म्हणतीय."

ललिताचा हात ताटातच थांबला. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. ती म्हणाली, "तिला म्हणावं, घरी जा. सिस्टरनी सांगितलंय."

"ती काय आपल्या पायांनी आलीय व्हय?" भागीबाई म्हणाली आणि निघून गेली.

ललितानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. मी म्हटलं, राहू दे आता, ठेव ते. तिनं मान हलवली आणि दुसरी भाकरी ओढून घेतली.