डाव्या सीटसाठी शॉकअप

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या मामांचा. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये पाटे बसवायचे. बसच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात, त्या म्हणजे पाटे. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. दहावीनंतर वडिलांनी मला गिरणीवर बसवायचं ठरवलं, तेव्हा मामा रजा टाकून आले, दोन दिवस आमच्या ओट्यावर बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन गेले. इंजिनिअर होईपर्यंतची सहा वर्षं मी त्यांच्या घरी काढली. वर्कशॉपमधल्या घणांच्या आवाजाने त्यांना आता फारसं ऐकू येत नाही, म्हणून मी फोन न करता पत्र लिहितो. ते पोस्टकार्डावर उत्तर देतात.

दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी, छत उघडणारी जपानी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हाही त्यांना लिहिलं. इंजिनची ताकद, गिअर, मागच्या चाकांना मिळणारा जोर, सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, "आनंद झाला. किती माणसांची आहे ते लिहिलं नाहीस." मी पुढच्या पत्रात "दोन" असं लिहिलं. त्यावर त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

मुलुंडला आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं राहतात: आई, बाबा, मुलगा, बायको आणि मी. गाडीत दोनच सीटा असण्याचा एक फायदा झाला, जो घेताना माझ्या मनात नव्हता. बायकोचं ऑफिस पवईला, माझं अंधेरीत मरोळला. रोज सकाळी कांजूरमार्गावरून जोडरस्त्याला लागून मी तिला पवईला सोडायचो आणि पुढे जायचो. तो पाऊण तास सोडला तर आम्हा दोघांना एकटं बोलायला दिवसभरात जागा नव्हती. आईचं पथ्य, मुलाचं गणित, तिच्या ऑफिसातलं राजकारण, सगळं गाडीतच व्हायचं. भांडणंसुद्धा. पवईला ती दार आपटून उतरायची आणि संध्याकाळपर्यंत विषय थंड झालेला असायचा.

गेल्या वर्षी खड्ड्यांचे धक्के झेलणारे पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळायला लागले. चारही बदलणं भाग होतं. मी चार महिने वाचन केलं. एका वहीत तक्ता केला, निळ्या शाईत गुण, लाल शाईत दोष. मरोळला ऑफिसमागच्या गल्लीत ज्यांचं गॅरेज आहे त्या मिस्त्रींना तो नेऊन दाखवला. माझी पसंती यादीत पहिल्या असलेल्या सेटला होती. त्यात गाडीची उंची कमी करता येत होती आणि कडकपणा बत्तीस टप्प्यांत बदलता येत होता.

मिस्त्रींनी वही लांब धरून पाहिली.

"ट्रॅकवर नेणार का गाडी?"

"नाही."

"लोणावळ्याला?"

"वर्षातून एकदा."

"मग रोज कुठे?"

"मुलुंड ते मरोळ."

"मग मुलुंड ते मरोळचे शॉकअप घ्या ना, साहेब. हे कशाला?"

"पण यात सगळ्यात जास्त सोयी आहेत."

"वही झकास आहे तुमची," ते म्हणाले. "पण शॉकअप वहीला लावायचे की गाडीला?"

मी हसलो, पण मत बदललं नाही. मी ज्या शाळेत शिकलो तिथे निवड म्हणजे गुणांची यादी. नव्वद टक्के मिळालेला मुलगा सायन्सला जायचा. त्याला काय आवडतं हे कोणी विचारायचं नाही, आणि त्यालाही ते विचित्र वाटायचं नाही. वरचं मिळत असताना खालचं घेणं म्हणजे मेहनत फुकट घालवणं, असं आम्हाला वाटायचं. मी शॉकअपही त्याच पद्धतीने निवडले. बसवल्यावर उंची कमी केली आणि कडकपणा पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर ठेवला. ती पुस्तिका जिथे छापली तिथले रस्ते मी पाहिलेले नव्हते.

गाडी बदलली हे खरं. पवई तलावाच्या कडेच्या वळणावर ती पूर्वी बाहेरच्या बाजूला झुकायची, आता सरळ उभी राहून वळायची. स्टिअरिंग हलवलं की लगेच उत्तर मिळायचं. मी रोज त्या वळणाची वाट पाहायचो. बायको पहिले दोन दिवस थोडं कुरकुरली, मग गप्प बसायला लागली. मला वाटलं, तिलाही सवय झाली.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "सोमवारपासून मी ऑफिसच्या बसने जाईन. लवकर पोचायचं असतं."

मी म्हणालो, "बरं."

त्यानंतरचे तीन आठवडे मी एकटा जात होतो. घरी आम्ही दूध, गॅस आणि शाळेची फी याबद्दल बोलायचो. पूर्वी सकाळचं भांडण संध्याकाळी थोडंफार चेहऱ्यावर उरायचं, तेही बंद झालं. आई एकदा म्हणाली, "तुमचं हल्ली बरं चाललंय." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

एका रविवारी ती मेथी निवडत बसली होती. आई-बाबा मुलाला घेऊन देवळात गेले होते. मी समोर बसलो.

"बस बरी आहे का?"

"बसला काय झालंय? वेळेवर येते."

"मग गाडीला काय झालं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "अरे, तुला खरंच कळलं नाही?"

"नाही."

"तुझ्या गाडीत दोनदा जीभ चावली माझी. एकदा गांधीनगरच्या सिग्नलला, एकदा मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या त्या लोखंडी पत्र्यांवर. मग बोलणंच सोडलं. पाच दिवस एक शब्द बोलले नाही मी. पाचव्या दिवशी तू म्हणालास, 'आज गाडी मस्त चालली ना?'"

मी तसं म्हणालो होतो. मला आठवत होतं.

"मला सांगायचंस तरी."

"कसं सांगणार? तोंड उघडलं की जीभ दाताखाली," ती म्हणाली आणि देठांचं वर्तमानपत्र गुंडाळून उठली.

मामा नवे पाटे बसवले की ड्रायव्हरने 'ठीक आहे' म्हटलं तरी मानायचे नाहीत. बस बाहेर काढायला लावायचे आणि स्वतः मागच्या चाकावरच्या शेवटच्या सीटवर जाऊन बसायचे, खराब रस्त्याने नाल्यापर्यंत आणि परत. मी हे कितीदा तरी पाहिलं होतं. चार महिने वाचन करताना एकदाही माझ्या मनात आलं नाही.

सोमवारी मी मिस्त्रींना चावी दिली आणि डावीकडे बसलो. गाडी घेतल्यापासून त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होतो. हातात धरायला स्टिअरिंग नव्हतं. डावं चाक रस्त्याच्या कडेने जात होतं, जिथे गटारांची झाकणं आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक असतात. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो आणि त्याचं अंग नकळत तयार होतं. शेजारच्याला तो थेट पाठीच्या मणक्यात कळतो.

"म्हणून दाखवा ना साहेब तुमचा तक्ता आता," मिस्त्री म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"अजून सिप्झपण नाही आलं," ते म्हणाले. गॅरेजपासून ते पाच मिनिटांवर. "वळवू?"

आधी आम्ही कडकपणा पार खाली आणून पाहिला. फरक पडला, पण पुरेसा नाही. उंची कमी केल्यामुळे चाकाला वरखाली व्हायला जागाच उरली नव्हती. मग तो सेट काढला. दुसरा निवडायला अर्धा तास लागला. वही मी घरी ठेवली होती.

त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बघू. या महिन्याची माझी बसची जागा ठरलेली आहे." मी तिला आग्रह केला नाही. महिना संपल्यावर एका मंगळवारी ती आपणहून खाली येऊन गाडीपाशी उभी राहिली, पर्स मांडीवर घेऊन बसली आणि गांधीनगरचा सिग्नल येईपर्यंत दाराची मूठ धरून होती. सिग्नल गेल्यावर तिने मूठ सोडली. त्या दिवशी आम्ही मुलाच्या गणिताबद्दल बोललो.

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मी मामांना पत्र पाठवलं. ते असं होतं:

"मामा, नमस्कार.

शॉकअप पुन्हा बदलले. गाडीला मूळचे होते तसेच नवे घेतले, स्प्रिंग अगदी थोडी कडक, उंची होती तेवढीच. सांध्यांतले रबरी बुशही सगळे बदलले. मिस्त्री म्हणतात, निम्मा आवाज त्यांचाच होता. पवईच्या वळणावर गाडी आता थोडी कलते. मला ते आवडत नाही, पण जमवून घेतो.

तुमच्या सूनबाई मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्यासोबत येतात. बाकीचे दिवस बस. बसमध्ये तिला खिडकीची जागा आणि एक मैत्रीण मिळाली आहे, ती सोडायची तिची इच्छा नाही.

काल शुक्रवार होता. भांडुपच्या पुढे ती म्हणाली, पुण्याच्या एका नोकरीसाठी तिने अर्ज केला होता, मुलाखतही झाली. महिना उलटून गेला. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तेव्हाच सांगणार होते, गाडीत. बसमधल्या मैत्रिणीला हे सगळं माहीत आहे.

निकाल अजून यायचा आहे. ती गेली तर मुलाची शाळा, आई-बाबांचं राहणं, माझी नोकरी, याचं काय करायचं ते पवईपर्यंत बोलत होतो. पुरं झालं नाही. तिच्या ऑफिसच्या फाटकापाशी गाडी लावून आणखी वीस मिनिटं बोललो. दोघांनाही उशीर झाला. मंगळवारी उरलेलं बोलायचं ठरलं आहे.

आई-बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही पोस्टकार्डावर लिहू नका, ते आधी बाबांच्या हातात पडतं. लिहायचं असेल तर पाकिटातून लिहा.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा"