तीर्थ फुप्फुसात गेलं

अनघा सुटली नाही. तिच्या तोंडात तीर्थ घातलं, ते फुप्फुसात गेलं, म्हणून ती गेली.

आज वर्ष झालं.

सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो टाकला. खाली रांग लागली. "सुटली बिचारी." "हाल संपले." हात जोडलेले इमोजी.

मी ग्रुपवर कधी बोलत नाही. आजही तिथे बोललो नाही. इथे फेसबुकवर लिहितोय, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

अनघा माझी बायको. कॉलेजात झूलॉजी शिकवायची. प्राणी हलतात कसे, हा तिचा आवडता विषय.

लग्नानंतर पहिल्यांदा भांडुपच्या मासळी बाजारात गेलो, तर तिथेही तेच. मासेवाल्या मावशींनी जिवंत मरळ कापली. मुंडकं बाजूला पडलं तरी धड शेपूट मारत होतं. मी मागे सरकलो.

"अरे, घाबरतोस काय? मेंदू फक्त 'चल' म्हणतो. डावी बाजू कधी, उजवी कधी, ते पाठीच्या कण्यातल्या नसा आपापसात ठरवतात. तू चालताना प्रत्येक पावलाचा विचार करतोस का?"

मावशी म्हणाल्या, "टीचर, शाळा कॉलेजात भरवा. तुकडे मोठे करू की लहान?"

"मध्यम. आणि मुंडकं ह्याच्या हातात द्या, बघू दे जरा."

मग तिला मोटर न्यूरॉन डिसीज झाला.

तोही तिने मला असाच सरळ समजावला. विचार शाबूत. स्नायूंपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. हुकूम निघतो, पोचत नाही.

हात गेले. पाय गेले. मग बोलणं.

लोक बेडजवळ येऊन ओरडायचे, जणू ती बहिरी झालीय. "ओळखलंस काऽऽ मला?"

एक काका मोबाईलवर व्हिडिओ दाखवून गेले. "विल पॉवर पाहिजे गं. मनात आणलंस तर उठशील."

डोळे मात्र चालत होते. या आजारात डोळे हलवणाऱ्या पेशी बहुतेक वेळा टिकतात. आमच्याकडे मुळाक्षरांचा तक्ता होता. मी बोट फिरवायचो, हवं ते अक्षर आलं की ती पापण्या मिटायची.

काका गेल्यावर तिने सांगितलं, "मासा विल पॉवरवर पोहत नाही."

मग परत तक्त्याकडे बघितलं. "पुढच्या वेळी यांना चहा नको."

गिळणं हीसुद्धा हालचाल आहे. एवढंच कुणाला कळलं नाही.

घास मागे जातो तेव्हा श्वासनलिका बरोबर त्या क्षणी बंद व्हावी लागते. तिची होत नव्हती. म्हणून पोटात नळी बसवली होती. येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच सांगायचो, तोंडाने काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही.

मोठ्या काकीलाही सांगितलं होतं. अनघासाठी घरात सत्यनारायण घालायचा हट्ट तिचाच.

पूजा झाली. मी भटजींना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. परत आलो तर काकी बेडजवळ, हातात पळी. अनघाचे ओठ निळे पडत होते. तिला खोकताही येत नव्हतं. त्यालाही स्नायू लागतात.

"काकी, काय दिलंस?"

"तीर्थच दिलंय. देवाचा तीर्थ कधी अडाकता काय रे?"

अडकतं, काकी. पंचामृत म्हणजे दूध, दही, मध, साखर, तूप. फुप्फुसाला देव कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ताप. न्यूमोनिया. आयसीयू. तिथून ती घरी आली नाही.

आणि तेराव्याला काकी सगळ्यांना सांगत होती, "पुण्यवान बाय ती. तोंडात तीर्थ घेवन गेली." लोक माना डोलवत होते.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की अनघाला ती पळी येताना दिसत होती. पुढे काय होणार हे त्या खोलीत फक्त तिलाच नेमकं माहीत होतं. ती तेच शिकवायची. मान वळवता येत नव्हती. ओठ मिटता येत नव्हते. डोळ्यांनी नक्की काहीतरी सांगितलं असणार.

खोली माणसांनी भरली होती. तक्ता टेबलावर होता. कुणी उचलला नाही.

आणि म्हणे सुटली.

पूजेच्या त्याच सकाळी तिने अक्षर अक्षर करून मला सांगितलं होतं, "पडदे कळकट झालेत. लोक येणार. बदल." जिला पडदे बदलून हवे असतात, तिला सुटायचं नसतं.

कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर त्याच्या तोंडात काही घालण्याआधी विचारा. त्यालाच विचारा. उत्तराला वेळ लागेल, थांबा.

काकी, तू फेसबुकवर नाहीस, पण तुझी नात वाचून दाखवेल. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण त्याला पुण्य म्हणू नकोस. चूक म्हण. एकदा तरी, चारचौघांत.

अनघा, तुझ्यासारखं समजावून सांगता येत नाही मला. जमलं तेवढं सांगितलं.

नमस्कार.