काटा लाल, इंजिन गार आणि आपट्याचं जेवण

ब्याण्णवच्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी साडेआठला मी आणि माझे सासरे अप्पा चेंबूरहून आपट्याला निघालो, तेव्हा माझी छाती हातभर फुगली होती. गाडी माझ्याहून चारच वर्षांनी लहान होती, पण माझी होती. सहा महिन्यांपूर्वी ती दारात आली तेव्हा अप्पा बंपरला बांधायला लिंबू-मिरची घेऊन आले होते. मी सोसायटीत अंधश्रद्धेवर दोन भाषणं ठोकलेला माणूस! म्हटलं, "अप्पा, गाडी पेट्रोलवर चालते, लिंबावर नाही." अप्पा गप्प बसले. ते गप्प बसले की आपण जिंकलो असं मी त्या काळी समजत असे.

आपट्याला बारा वाजता पोचायचं होतं, आणि बारा म्हणजे बाराच. अकरा वर्षांपूर्वी माझ्याच लग्नात अप्पांनी आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे तात्याकाकांना, पाण्याच्या पिंपांवर लक्ष ठेवायला उभं केलं आणि पहिल्या पंगतीला बोलवायचं विसरले. तात्याकाका तसेच उपाशी आपट्याला निघून गेले. तेव्हापासून बोलणं बंद. "घरच्या माणसाला आमंत्रण कसलं द्यायचं?" हा अप्पांचा हेका. 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून आमच्या सासूबाईंनीही जन्मात ऐकला नव्हता. आणि आता अचानक तात्याकाकांचं पोस्टकार्ड आलं होतं: "रविवारी बारा वाजता पान मांडतो. आलास तर जेवू. नाही आलास तर समजलो."

तात्याकाकांकडे फोन नव्हता. अप्पांचं वय बहात्तर. ते कार्ड त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं आणि मानखुर्द येईपर्यंत तीनदा काढून वाचलं.

खाडीचा पूल छान पार पडला. वारा होता, भरती होती, मी शीळ घालत होतो. वाशीत पूल उतरताना एका खड्ड्यात गाडी जी आदळली, की अप्पांची टोपी माझ्या मांडीवर आली. टोपी परत देताना माझं लक्ष समोर गेलं. इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा लाल पट्टीच्या पार टोकाला जाऊन चिकटला होता.

"अप्पा, इंजिन तापलं!"

मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर उडतं, हे मी कुठेसं वाचलं होतं. म्हटलं, "बॉनेट उघडायला नको."

"मुळीच नको!" अप्पा इतक्या जोरात म्हणाले की मी दचकलो. "अजिबात हात लावू नका."

एरवी आमचं एकमत कशावरच होत नाही. मला बरं वाटलं.

अर्धा तास थांबलो. चावी फिरवली. काटा एका उडीत पुन्हा लाल पट्टीत! म्हणजे पुन्हा थांबणं आलं. असे आम्ही वाशीत, नेरूळला आणि बेलापूरच्या चढाखाली थांबलो. थोडं चालायचं, घाबरायचं, बंद करायचं. दर वेळी मी समोरच्या जाळीतून बाटलीभर पाणी आत शिंपडत होतो, जसं काही तुळशीला घालतोय. मागे जायचं मनात आलं तर अप्पा खिशावर हात ठेवून नुसते बघत. मग मी पुन्हा पुढे.

खारघरच्या डोंगरासमोर, जिथे तेव्हा शेतं आणि वारा याशिवाय काही नव्हतं, चौथा मुक्काम पडला. अकरा वाजून गेले होते. रस्त्याकडेला एक आजी ताडगोळे विकत बसल्या होत्या. मी सहा घेतले. अप्पांनी तोंड फिरवलं. तात्याकडे जेवायचं म्हणून त्यांनी सकाळी चहाखेरीज काही घेतलं नव्हतं.

आजींनी विचारलं, "काय झालाय गारीला?"

"तापलीय हो."

आजी उठल्या, बॉनेटवर तळहात ठेवला, मग जाळीशी हात नेला. "कुठं तापलीय? उन्हानं पत्रा गरम हाय, बस. आतून तं वाफ पन नाय. माज्या चुलीपुरं पन तापली नाय."

"आजी, काटा लाल दाखवतोय."

"काटा काय दाखवतंय ते नको सांगू. हात लावून बघ ना तू."

आता तुम्हीच सांगा, यंत्राचं ऐकायचं की ताडगोळेवाल्या आजींचं? मी विज्ञानवादी माणूस. मी काट्याचं ऐकलं आणि आणखी वीस मिनिटं उन्हात उभा राहिलो. अप्पांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं. ते म्हणाले, "जावईबापू, तो समजेल मी आलोच नाही." आवाज इतका बारीक झाला होता की मला माझीच लाज वाटली. म्हटलं, जळलं इंजिन तर जळलं! काट्यावर रुमाल टाकला आणि थेट पनवेल गाठलं.

पनवेलला एसटी स्टँडच्या पुढे एका वडाखाली हाफीजभाईंचं गॅरेज होतं. पांढरी दाढी, कानाला पेन्सिल. त्यांनी रुमाल उचलून काटा बघितला, गाडी बंद केली, पुन्हा चालू केली.

"चावी फिरवताच वर जातो?"

"हो, एका उडीत."

"साहेब, पाणी असं एका सेकंदात तापत असतं तर बायका गॅस कशाला घेतील? इंजिन तंदुरुस्त आहे. खोटं बोलतोय तो काटा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी-ऑईल रोज बघता ना?"

"रोज!" मी म्हणालो. अप्पा खोकले.

हाफीजभाईंनी बॉनेट उघडलं, आत वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. फक्त त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, गाडीला असाध्य रोग निघाला. शेवटी ते डोळे पुसत वर आले. हातात एक लिंबू, सात मिरच्या आणि हे सगळं ओवलेली बारीक तार होती. लिंबू शिजून लोणच्याला आलं होतं.

"हे बघा. इंजिनाच्या डोक्यावर हा पितळेचा बोंडाएवढा तुकडा, हा सेन्सर. याच्या शेंड्यावरून काट्याला वायर जाते. ती वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकली की काटा समजतो, आग लागली." त्यांनी वायर काढली, काटा खाली आला. लोखंडाला टेकवली, काटा वर. "ही मिरचीची तार कुठल्यातरी खड्ड्यात हलली आणि एक टोक सेन्सरवर, दुसरं लोखंडावर बसलं. नजर लागू नये म्हणून बांधली, तिनेच नजर लावली, माशाल्ला!"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा वडाकडे बघत होते. जणू ते झाड त्यांनी आजच पहिल्यांदा पाहिलं.

"किती अंधश्रद्धाळू असतात लोक," अप्पा झाडाला म्हणाले.

मला ओरडायचं होतं, पण घड्याळात एक वाजला होता. वायर जागेवर लागली, आम्ही निघालो. पळस्पे, कर्नाळ्याची झाडी, मग फाट्यावरून आत. काटा शहाण्यासारखा मध्यावर.

पाताळगंगेच्या काठच्या त्या घरी पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. ओटीवर दोन पानं मांडलेली होती. तांदळाची भाकरी, बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ), कैरीची डाळ. सगळं गार, त्यावर जाळी झाकलेली. एका पाटावर तात्याकाका बसले होते. जेवले नव्हते.

"बारा म्हणजे किती वाजता?" ते भिंतीकडे बघत म्हणाले. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

मी घाईघाईने सुरू केलं, "तात्याकाका, गाडीचं असं झालं..."

"थांबा," अप्पा म्हणाले. टोपी काढली. "गाडीचं काही झालं नाही. मी काल रात्री जावयांच्या नकळत आत लिंबू-मिरची बांधली. सुखरूप पोचावं म्हणून. तिनेच घोटाळा केला. तात्या, चूक माझी."

तात्याकाकांची मान वळली. त्यांनी अप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय म्हणाला हा?"

"चूक माझी, म्हणाले."

"पुन्हा म्हण."

"म्हटलं ना एकदा!" अप्पा ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अकरा वर्षं एवढंच ऐकायचं होतं रे," तात्याकाका म्हणाले. "लिंबाबद्दल का असेना. बस. आधी तू बस, मग मी वाढतो."

तिसरं पान माझ्यासाठी आलं. गार बिरडं मी तीनदा मागून घेतलं. दोघे म्हातारे भांडत जेवले, आमसुलं किती घालावीत यावरून. मी आयुष्यात इतका सुखी फार कमी वेळा झालोय.

संध्याकाळी परतताना अप्पा मजेत होते, आणि मला मात्र चैन पडेना. बहात्तराव्या वर्षी माणूस टोपी काढून चूक कबूल करतो, आणि मी? प्रवासात माणूस गावं बघतो म्हणतात. मी त्या दिवशी स्वतःलाच जरा जवळून बघितलं आणि ते दृश्य काही देखणं नव्हतं. पनवेल मागे पडल्यावर मी घसा खाकरला.

"अप्पा, मी हाफीजभाईंशी खोटं बोललो. पाणी-ऑईल पंपावरचा माणूस बघतो. सहा महिने झाले, मला या गाडीचं बॉनेट कुठून उघडतात तेच माहीत नाही."

अप्पांनी डोळे मिटून मान मागे टेकली.

"ते ठाऊक होतं हो, जावईबापू," ते म्हणाले. "म्हणूनच तर आत बांधली."