काचेच्या दोन्ही बाजूंना

हे लिहावं की लिहू नये, यात बरेच महिने गेले. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचे कान तपासते. धंतोलीत पहिल्या मजल्यावर माझं छोटं क्लिनिक आहे. कोणाला कानात घंटा ऐकू येतात, कोणाला गेलेल्या माणसाची हाक... असे पेशंट येतच असतात. कानाची नस कमजोर झाली की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, हे मी त्यांना शांतपणे समजावते. मला त्यात गूढ वगैरे कधी वाटलं नाही. घरचं देवघरसुद्धा सासूबाईंच्या ताब्यात आहे, माझा संबंध प्रसादापुरता. तेव्हा पुढचं वाचून मला कोणी श्रद्धाळू समजू नये.

गोष्ट माझ्या मावसभावाची, प्रकाशदादाची. उमरेडला त्याचा मिरचीचा ठोक व्यापार आहे. एकदा तो आणि त्याचा बालमित्र भास्कर गाडीत हवा भरायला टायरच्या दुकानात थांबले होते. दुकानातली हवेची टाकी फुटली. भास्कर जागच्या जागी गेला. दादा थोडा मागे उभा होता, त्याला खरचटलंसुद्धा नाही. फक्त दोन्ही कानांनी ऐकू येणं बरंच कमी झालं आणि कानात जी शिट्टी सुरू झाली ती थांबलीच नाही.

मोठ्या आवाजानंतर असं होतं. बहुतेकांना हळूहळू त्याची सवय होते. दादाला झाली नाही. का, ते त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं —

"वैशू, हा कानातला आवाज नाही वं. थो स्फोट अजून चालूच हाय. भास्कर अजून मरूनच राहिला हाय."

जे करता येतं ते सगळं केलं. श्रवणयंत्रं दिली, रामदासपेठेतल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्यांनी झोप थोडी लागायला लागली, पण माणूस दिवसेंदिवस आटत चालला. दुकानात बसणं बंद. भास्करच्या घरी तर तो अंत्यविधीनंतर एकदाही गेला नव्हता.

मग एका सकाळी दादाच्या बायकोचा, मंदावहिनीचा फोन आला. आवाज दबलेला.

"वैशाली, हे काल म्हणे, मी नसलो तर तू माहेरी राहशील ना? असं काहून विचारलं असन वं? मले लय भेव लागून राहिलं."

मी तिला सांगितलं, त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस. रामदासपेठेतल्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. त्यांनी दुपारची वेळ दिली आणि येता येता कानांची तपासणी पुन्हा करून आणा म्हणाले.

दोघं आले तेव्हा क्लिनिकमध्ये दुसरं कोणी नव्हतं. तपासणीची खोली म्हणजे कपाटाहून जरा मोठा बूथ. जाड दार, आवाज शोषणाऱ्या भिंती, एक दुहेरी काच. पेशंट आत बसतो, हेडफोन लावतो, आवाज ऐकू आला की बटण दाबतो. मी काचेबाहेर मशीनपाशी. दादाला हा बूथ सहन व्हायचा नाही. बाहेरचा आवाज बंद झाला की आतली शिट्टी आणखी वाढते. मागच्या वेळी तो घामाघूम होऊन मधेच उठून आला होता.

या वेळी मात्र सरळ आत गेला. मी दार लावलं. वहिनी म्हणाली, "मी जरा खालून चहा घेऊन येतो," आणि जिना उतरून गेली.

तपासणी सुरू झाली. दादा बटण दाबत होता. मग दाबायचा थांबला. मी आवाज वाढवला... काही नाही. काचेतून पाहिलं, तर डोळे मिटलेले, हात मांडीवर सैल पडलेले. त्याचा चेहरा इतका सैल मी लहानपणानंतर पाहिला नव्हता.

माइकवरून हाक मारायला मी हात पुढे केला आणि...

आता हे कसं सांगावं? काही दिसलं नाही. प्रकाश वगैरे काही नाही. एसीची घरघर होती, रस्त्यावरचे हॉर्न होते, पण ते कुठून येताहेत हे कळेना. जवळ-लांब असं काही उरलंच नाही. सगळं एकाच ठिकाणी होतं आणि ते ठिकाण म्हणजे मीच होते... किंवा मी नव्हतेच. माझा हात मला दिसत होता, पण तो माझाच आहे असं काही वाटत नव्हतं. भीती अजिबात नाही. आणि त्या सगळ्यात मंदावहिनीचा आवाज, अगदी स्वच्छ — "सांडग्यात मीठ लय झालं वं माये, पाण्यात टाकून पाह्य."

मग बटणाचा दिवा लागला. दादानं बटण दाबलं होतं. मी पुन्हा मशीनसमोर बसलेली, गाल ओले. किती वेळ गेला होता, सांगता येत नाही.

दार उघडलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. मग हेडफोन काढून म्हणाला, "तू अंदर कधी आली होती?"

"मी बाहेरच होते दादा."

"नाही वं. होती तू. मंदा होती. भास्कर होता. दिसलं कोणीच नाही, पण... वेगळंही कोणी नव्हतं." मग म्हणाला, "आन् हे मंदा सांडग्यायचं काय सांगून राहिली होती?"

सांडग्यांचं मी त्याला एका शब्दानंही बोलले नव्हते.

वहिनी चहा घेऊन आली. मी विचारलं, खाली कोणाशी बोलत होतीस? "बहिणीसंग, फोनवर. तिचे सांडगे खारट झाले म्हणे. काहून?" कुठून बोललीस? तर पार रस्त्याच्या पलीकडून, टपरीपासून.

रहदारीच्या त्या रस्त्यापलीकडचं बोलणं मला वर ऐकू येणं शक्य नाही. दादाला, त्या कानांनी, त्या बूथमध्ये तर नाहीच नाही. मी लगेच त्याची तपासणी पुन्हा केली. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, जुन्यासारखाच, तसूभरही फरक नाही. शिट्टी गेली का, असंही विचारलं.

"हाय ना. पण आता नुसता आवाज हाय," तो म्हणाला. "थो स्फोट होऊन गेला."

आणि मग तो रडला. भास्कर गेल्यानंतर पहिल्यांदाच, असं वहिनी म्हणाली. चहा तसाच राहिला. रामदासपेठेला आम्ही तिघंही उशिरा पोचलो.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. फार ताणलेलं मन कधी कधी असं एकदम मोकळं होतं, म्हणाले. त्यानं काहींना बरं वाटतं, काही उलट घाबरून जातात; कोणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. गोळ्या त्यांनी लगेच बंद केल्या नाहीत, पुढे हळूहळू कमी केल्या. मी सांडग्यांचं विचारलं तेव्हा त्यांनी तो शब्द केसपेपरवर लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच आठवड्यात दादा भास्करच्या घरी गेला. त्याच्या बायकोपुढे जाऊन बसला. मग तिनंच विचारलं, शेवटी ते काय बोलत होते? दादानं सांगितलं — पोरीच्या लग्नात मांडवात कूलर लावू म्हणत होता. ती हसली आणि मग दोघंही रडले. आता तो दुकानात बसतो. गिऱ्हाइकांवर खेकसतो. वहिनीला त्याचंही कौतुक आहे.

मी मात्र त्या बूथमध्ये नंतर अनेकदा जाऊन बसले. दार लावून, दिवा मालवून. स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात, बाकी काही नाही. मशीन तपासून घेतलं, वायरिंग तपासून घेतलं, सगळं ठीक निघालं. एका माणसाला झालेला भास मी समजावून सांगू शकते, रोज तेच करते. पण काचेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच वेळी, तेच शब्द... याचा हिशेब मला लागलेला नाही. माझ्या शिक्षणात तरी त्याची सोय नाही. कोणाला ठाऊक असेल तर सांगावं. आणि नसेल, तरी दादाला आता झोप लागते, हे मी रोज वहिनीकडून ऐकते.