नऊ जणांना कडू लागलं नाही

आज मंगळवार, धुळे. महिनाभराच्या रजेनंतर बारावीचा जीवशास्त्राचा तास घेतला. छत्तीस मुलांनी चव तपासायची, कडू रसायन लावलेली कागदी पट्टी जिभेवर ठेवली. सत्तावीस जणांनी तोंड वाकडं केलं, नऊ जणांना काहीच लागलं नाही.

"मॅडम, म्हणजे हे 'कडू न लागणारं' जनुक संपत चाललंय?" एकीने विचारलं.

मी फळ्यावर मांडलं. प्रत्येकात या जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही 'न लागणाऱ्या' असल्या तरच कडू लागत नाही. असे नऊ, म्हणजे पाव वर्ग. दोन्ही प्रती तशाच येण्याची शक्यता म्हणजे एकीच्या शक्यतेचा वर्ग; पावचं वर्गमूळ अर्धं. म्हणजे वर्गातल्या निम्म्या प्रती त्याच! कडू लागणाऱ्यांतही साधारण अठरा जणांत एकेक लपलेली!

आणि मी थांबलेच. वडिलांना, आबांना, मी एकदा हीच पट्टी दिली होती. "हाऊ तं कागद शे!" म्हणाले होते; त्यांना काहीच चव लागली नव्हती. मला मात्र ती कडूजहर लागते.

गेल्या महिन्यात आबा गेले. भेटायला आलेला जो तो म्हणाला, "तू बठ्ठी मायवर गयी." म्हणजे सगळी आईवर, आबांचं काहीच नाही. पण आबांच्या दोन्ही प्रती तशा, म्हणजे एक माझ्यात आहेच. मुलांबाबत नुसता अंदाज होता, माझं नक्की आहे!

तुमच्यात कोणाचं काय आहे, जे दिसत नाही?

आता एकटीपुरती खिचडी टाकते.