पहिला सूर

व्हायोलिनच्या गजाला राळ लावली की तिच्या वासाबरोबर आदिलाबादच्या शाळेत भरणाऱ्या आमच्या सरावाची ती संध्याकाळ परत येते. आमच्या छोट्या वाद्यवृंदात पहिला सूर देणारा तो प्रमुख. गावातला एकही कार्यक्रम त्याने चुकवायचा नाही, अशी रीत होती. नागपूरला नोकरी लागल्याचं मी त्या दिवशी सांगणार होतो.

त्याआधीच इतकी वर्षं सूर देणारे हार्मोनियमवरचे काका मला म्हणाले, "आजपासून सूर तू दे. माह्यानं आता होत नाही."

सगळे वाद्यं धरून थांबले. नोकरीचं काही ठाऊक नसलेला क्लॅरिनेटवाला हसला, "काऊन गप हायेस बे? नागपूरची गाडी धरायची हाये का?"

मी सूर दिला. नागपूर राहिलं.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं असेल, असं तेव्हा वाटलं. आता त्यांच्या जागी बसून सूर देताना कळतं, ते सुटकेचं होतं.